दीर म्हणतात ओएलईडी घ्या, सासरे म्हणतात बातम्या दिसल्या की झालं

पत्र असं आलंय :

"दादा, आमचा ३२ इंची टीव्ही १२ वर्षांनी एकदाचा बंद पडला. आता मोठा घ्यायचाय. सोफा टीव्हीच्या भिंतीपासून साडेआठ फुटांवर आहे, सासऱ्यांची खुर्ची बाजूला खिडकीपाशी, आणि ते दिवसभर बातम्या लावून बसतात. मुलाचा गेमचा कन्सोल आहे, एचडी सेट टॉप बॉक्स आहे, एक जुना होम थिएटर आहे ज्याला एचडीएमआय नाही पण आवाज अजून झकास आहे, आणि एक कॅसेटवाला हँडीकॅम आहे ज्याच्या कॅसेटमध्ये मुलांचं सगळं लहानपण आहे. दीर म्हणतात घ्यायचा तर ओएलईडीच घ्या आणि केबल भारीतली घ्या. मिस्टर म्हणतात कुठलाही घे. मला ४के, ८के, क्यूएलईडी, एचडीआर सगळं डोक्यावरून जातंय. किती इंची घेऊ, कुठला घेऊ आणि एवढं सगळं त्याला जोडू कसं? — डोकं फिरलेली ताई"

ताई, डोकं फिरायचं काही कारण नाही, कारण निम्मं काम तुम्ही करून टाकलंय. साडेआठ फूट मोजलंत, कोण कुठे बसतं ते लिहिलंत, घरात काय काय जोडायचंय ते सांगितलंत. लोक मला नुसतं "५५ इंची कुठला चांगला" एवढंच विचारतात आणि मग मी काय सांगणार. टीव्ही हा खोलीवरून आणि घरातल्या माणसांवरून ठरवायचा असतो, खोक्यावरच्या स्टिकरवरून नाही, आणि तुमच्या घरात त्याच्यासमोर सगळ्यात जास्त वेळ बसणारा माणूस म्हणजे तुमचे सासरे आहेत. तेव्हा सुरुवात त्यांच्यापासून.

दिरांचं म्हणणं चूक नाही, ओएलईडीचं चित्र खरंच देखणं असतं. त्यात मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका स्वतःचा स्वतः उजळतो आणि काळं हवं असेल तिथे चक्क बंद होतो, म्हणून अंधाऱ्या खोलीत सिनेमा बघताना काळं म्हणजे काळंच दिसतं. पण हे ठिपके जसजसे वापरात येतात तसतसे हळूहळू मंद होतात. आता बातम्यांचं चॅनल डोळ्यासमोर आणा, कोपऱ्यात तोच लोगो, खाली तीच लाल पट्टी, रोज आठ-दहा तास, वर्षानुवर्षं. तिथले ठिपके बाकीच्यांपेक्षा जास्त राबतात आणि काही काळाने क्रिकेट लावलं तरी हिरव्या मैदानावर त्या पट्टीची सावली दिसायला लागते. याला बर्न इन म्हणतात. नवीन टीव्हीत यावर उपाय असतात, चित्र अधूनमधून किंचित सरकवतात, लोगोचा उजेड कमी करतात, आणि टीव्ही रिमोटने बंद केल्यावर स्टँडबायमध्ये आतल्या आत ठिपक्यांची दुरुस्ती चालते. (आणि आपण काय करतो, तर झोपताना भिंतीवरचं बटणच बंद करतो. म्हणजे ती दुरुस्ती बिचारी कधी होतच नाही.) दिवसा उजेड असलेली खोली आणि दिवसभर बातम्या, या दोन्ही गोष्टी ओएलईडीच्या विरुद्ध जातात, त्यामुळे माझं मत विचाराल तर तुमच्या हॉलसाठी ओएलईडी नको. दिरांनी त्यांच्या घरी खुशाल घ्यावा.

मग उरला एलसीडी. आता इथे नावांचा जो घोळ घालून ठेवलाय त्याला तोड नाही. दुकानात ज्याला एलईडी टीव्ही म्हणतात तो एलसीडीच असतो, फक्त मागचा दिवा एलईडीचा. क्यूएलईडी पण एलसीडीच, त्यात क्वांटम डॉटचा एक थर असतो त्यामुळे रंग जास्त भरून येतात. ओएलईडी आणि क्यूएलईडी लिहिताना एका अक्षराचा फरक पण आतून दोन वेगळी जनावरं. मिनी एलईडी म्हणजे परत एलसीडीच, पण मागे बारीक बारीक दिवे खूप जास्त, आणि ते गटागटाने कमी-जास्त होतात त्यामुळे चित्रातला अंधार अंधारासारखा दिसतो. एलसीडी घेताना विचारायचा खरा प्रश्न हा की मागचे दिवे कडेला आहेत का पूर्ण पडद्यामागे, आणि ते गटागटाने मंद होतात का. कडेचे असतील तर रात्रीच्या सीनमध्ये खाली पांढरं सबटायटल आलं की आजूबाजूचा काळा भागही राखाडी होतो, एकदा लक्षात आलं की मग तेच दिसत राहतं.

अजून एक गोष्ट आहे जी कुणी सांगत नाही आणि ती तुमच्या सासऱ्यांच्या खुर्चीशी संबंधित आहे. एलसीडीत ढोबळमानाने दोन जातीचे पॅनल येतात, व्हीए आणि आयपीएस. व्हीएमध्ये समोरून बघितलं तर काळं छान गडद दिसतं पण बाजूला सरकलात की रंग फिके पडतात, चेहरे पांढुरके होतात. आयपीएसमध्ये काळं तेवढं गडद नाही पण बाजूने बघितलं तरी रंग टिकतात. सासरे रोज बाजूनेच बघणार, आणि हॉलमध्ये दिवसा उजेड, म्हणजे गडद काळ्याची चैन तशीही तुम्हाला फारशी उपभोगता येणार नाही, तेव्हा तुम्ही आयपीएस किंवा ज्याचा व्ह्यूइंग अँगल रुंद आहे असा बघा. सेल्समनला पॅनल विचारलं तर तो बहुतेक डोकं खाजवेल, त्यापेक्षा सोप्पं म्हणजे टीव्ही चालू असताना घरी खुर्ची जितकी तिरकी आहे तितकं तिरकं जाऊन उभं राहायचं आणि माणसांचे चेहरे बघायचे. आणि पडदा आरशासारखा चमकतोय का तेही तेव्हाच बघून घ्या, समोर उजेड असेल तर दिवसभर बातम्यांऐवजी खिडकीच दिसेल.

दुकानात जाताना पेनड्राइव्हवर घरचा एखादा व्हिडिओ घेऊन जा, शक्यतो ज्यात ओळखीची माणसं आहेत. दुकानातले टीव्ही डेमो मोडवर असतात, सगळं भडक, रंग ओसंडून वाहतायत, पोपट आणि फुलं आणि समुद्र, त्यात कुठलाही टीव्ही भारीच दिसतो. आपल्या माणसाचा चेहरा त्यात नारंगी दिसला की लगेच कळतं.

आता किती इंची. साधा हिशोब, बसायचं अंतर इंचात काढायचं आणि १.६ ने भागायचं. तुमचे साडेआठ फूट म्हणजे १०२ इंच, भागिले १.६ म्हणजे ६४ च्या आसपास. म्हणजे ५५ पण चालेल आणि ६५ पण जास्त होणार नाही. मी तरी आकड्यावर विश्वास न ठेवता भिंतीवर वर्तमानपत्र चिकटवायला सांगतो, ५५ इंचीला साधारण १२२ सेंटीमीटर रुंद आणि ६८ उंच, ६५ इंचीला १४४ रुंद आणि ८१ उंच. दोन दिवस ते तसंच राहू द्या, येता जाता बघा. कपाटावर ठेवणार असाल तर टीव्हीचे पाय कुठे येतात ते विचारा, हल्ली बऱ्याच टीव्हींचे पाय पार दोन टोकांना असतात आणि कपाट अरुंद पडतं. भिंतीवर लावणार असाल तर फार वर टांगू नका, सोफ्यावर बसल्यावर डोळ्यांची जी उंची तिथे पडद्याचा मध्य आला पाहिजे, फोटोफ्रेम नाहीये ती.

४के (म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके) का फुल एचडी हा प्रश्न एवढ्या साइजला जवळपास राहिलेलाच नाही, या मापात आता येतात ते ४केच. पण म्हणून खूप फरक दिसेल असं समजू नका. नजर चांगली असलेल्या माणसाला ५५ इंची पडद्यावर फुल एचडी आणि ४के मधला बारकावा साधारण सात फुटांच्या आत बसलं तरच कळतो, तुम्ही साडेआठवर आहात. ८के तर सोडूनच द्या. एचडीआरचं (म्हणजे एकाच चित्रात लख्ख उजेड आणि गडद अंधार दोन्ही जास्त ठळक दाखवायची सोय) पण तसंच आहे, खोक्यावर एचडीआर लिहिलं म्हणजे टीव्हीला तो सिग्नल समजतो एवढंच, तो दाखवायला पडद्यात तेवढा उजेड पाहिजे. एचडीआरचे सिनेमे बऱ्याचदा १००० निट्सचा (निट हे पडद्याच्या उजेडाचं माप) उजेड धरून बनवलेले असतात आणि स्वस्तातला पडदा ३०० च्या आसपास दम सोडतो, मग उलट चित्र अंधारं वाटतं आणि लोक म्हणतात टीव्ही खराब आहे.

आता खरी मजा, जोडाजोडी. दुकानात आतापर्यंतच्या सगळ्या प्रश्नांइतकाच महत्त्वाचा प्रश्न म्हणजे मागे एचडीएमआय पोर्ट किती आणि त्यातला कुठला काय करतो. तुमच्याकडे सेट टॉप बॉक्सला एक, कन्सोलला एक, हँडीकॅमला कदाचित एक (का ते खाली सांगतो), आणि कधीतरी लॅपटॉप लावावासा वाटणार. म्हणजे चार हवेत, तीनवाला घेतलात तर सारखं काढा-घाला होणार आणि भिंतीवर टांगलेल्या टीव्हीच्या मागे हात घालून पोर्ट चाचपणं ही शिक्षा आहे.

कन्सोलसाठी मुलगा तुम्हाला "एचडीएमआय २.१ पाहिजे" म्हणेल. त्याला म्हणा आकडा नको सांगू, काय पाहिजे ते सांग. कारण २.१ मधल्या बऱ्याच गोष्टी ऐच्छिक आहेत, खोक्यावर २.१ लिहून त्यातलं मोजकंच देणारे टीव्ही असतात. विचारायचं ते असं, पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं, आहे का (मोशन रेट ८०० वगैरे आकडे जाहिरातीचे, "नेटिव्ह किती" असं विचारा), ४के १२० कुठल्या पोर्टवर चालतं, आणि व्हीआरआर (गेमच्या वेगाप्रमाणे पडद्याचा वेग जुळवून घेणारी सोय) आहे का. चार पोर्ट असले तरी बऱ्याचदा हे सगळं त्यातल्या एका-दोनवरच चालतं, आणि काही टीव्हीत नेमका तोच पोर्ट ईएआरसीचा म्हणजे साऊंडबार जोडायचा पण असतो. मग गेम का आवाज अशी घरात भांडणं. मुलगा ६० वर खूश असेल तर हा सगळा परिच्छेद विसरा आणि तो पैसा चांगल्या पडद्यावर घाला.

तुमचं नशीब चांगलं की तुमच्या होम थिएटरला एचडीएमआयच नाहीये, त्यामुळे ते भांडण तुमच्याकडे होणारच नाही. त्याच्या मागे चौकोनी छोटं झाकण असलेलं भोक आहे का बघा, केबल लावल्यावर जिच्या टोकाला लाल उजेड दिसतो ती, ऑप्टिकल. टीव्हीला पण ऑप्टिकल आउट आहे ना एवढं दुकानातच खात्री करून घ्या, हल्ली काही टीव्हीतून ते काढून टाकलंय. ऑप्टिकलमधून साधा दोन स्पीकरचा आवाज आणि डॉल्बी डिजिटल ५.१ व्यवस्थित जातो, पाचही स्पीकर वाजतील. आवाजच आला नाही तर घाबरू नका, टीव्हीच्या साऊंड सेटिंगमध्ये डिजिटल आउटपुट पीसीएम (साधा, न दाबलेला आवाज) करून बघा, वाजला म्हणजे वायर ठीक आहे, मग परत डॉल्बीवर नेऊन बघा. एक तोटा मात्र आहे, ऑप्टिकलमधून नुसता आवाज जातो, हुकूम जात नाही, त्यामुळे आवाज कमी-जास्त करायला होम थिएटरचाच रिमोट लागणार. सासऱ्यांना दोन रिमोट झेपत नसतील तर बातम्या टीव्हीच्याच स्पीकरवर ऐकू द्या आणि सिनेमाला होम थिएटर चालू करा. सेट टॉप बॉक्स आणि कन्सोलसाठी टीव्हीचाच रिमोट चालवायची सोय मात्र असते, तिचं खरं नाव सीईसी पण प्रत्येक कंपनीने बारसं वेगळं केलंय, सॅमसंगचं एनिनेट प्लस, एलजीचं सिम्पलिंक, सोनीचं ब्राव्हिया सिंक. सेटिंगमध्ये चालू करून बघा, बॉक्सला समजलं तर सोन्याहून पिवळं.

सेट टॉप बॉक्स. हसू नका पण आधी बघा की तो सध्या कुठल्या वायरने जोडलेला आहे. एचडी बॉक्स आणि पिवळी-लाल-पांढरी वायर अशी जोडी मी इतक्या घरांत बघितलीय की आता विचारायचंच सोडून थेट मागे डोकावतो. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जाऊच शकत नाही. एचडीएमआय लावा, आणि लावून थांबू नका, बॉक्सच्या मेनूत जाऊन आउटपुट १०८० करा, काही बॉक्स जुन्याच सेटिंगवर अडून बसलेले असतात. तरीही साधं एसडी चॅनल नव्या टीव्हीवर जुन्यापेक्षा वाईटच दिसणार हे आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे पहिल्या दिवशी घरात सुतक नको. एसडी चित्र ७२० बाय ५७६ ठिपक्यांचं, ४के पडदा ३८४० बाय २१६० चा, गुणाकार करून बघा, एका ठिपक्याच्या जागी बरोब्बर २० भरावे लागतात. टीव्ही ते अंदाजाने भरतो. तुमच्या ३२ इंचीवर ती लबाडी लपत होती, ५५ वर लपणार नाही. सासऱ्यांचं चॅनल एचडीत येत असेल तर ते लावून द्या.

केबलबद्दल दिरांना माझा नमस्कार सांगा. एचडीएमआय डिजिटल आहे, सोन्याचा मुलामा दिला म्हणून लाल रंग जास्त लाल होत नाही. केबल कमी पडली तर चित्र फिकं होत नाही, तर पडद्यावर पांढरे ठिपके चमकतात किंवा दोन-तीन सेकंद चित्रच जाऊन परत येतं, हीच तिची ओळख. ४के ६० ला "प्रीमियम हाय स्पीड", ४के १२० ला "अल्ट्रा हाय स्पीड" असं लिहिलेली आणि खोक्यावर स्कॅन करता येणारं लेबल असलेली केबल घ्या, पहिली सेकंदाला १८ गिगाबिट नेते दुसरी ४८, बास, त्यापुढे किंमत कशाची असते ते विकणाऱ्यालाच ठाऊक. कन्सोलच्या खोक्यात आलेली असेल तर तीच वापरा.

लांबी मात्र जपा. दोन-तीन मीटरपर्यंत काही त्रास नाही, पाचच्या पुढे तांब्याची साधी केबल ४के ला दगा द्यायला लागते. त्याहून लांब हवी तर फायबरवाली येते, पण तिला दिशा असते, एका टोकावर सोर्स आणि दुसऱ्यावर डिस्प्ले असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. हे मला कसं माहीत विचाराल तर, मी स्वतः घरी १२ मीटरची फायबर केबल भिंतीत घालून, वर प्लॅस्टर, वर रंग असं सगळं रीतसर करून मग टीव्ही लावला, चित्र नाही. टीव्ही बदलून बघितला, बॉक्स बदलून बघितला, दोन संध्याकाळी टीव्हीला शिव्या घातल्या, आणि तिसऱ्या दिवशी टॉर्च मारून टोक वाचलं तर टीव्हीच्या बाजूला "सोर्स". पूर्ण केबल उलटी गाडली होती. तेव्हा भिंतीत घालायची असेल तर आधी जमिनीवर पसरून चालवून बघा, आणि घालाल ती पाइपमधून घाला, म्हणजे ओढून काढता येईल.

हँडीकॅम. नव्या टीव्हीला ती तीन रंगांची भोकं बहुतेक नसतात, किंवा हेडफोनसारखं एकच छोटं भोक असतं आणि सोबत एक छोटी वायर येते. ती वायर खोक्यातून काढून आत्ताच वेगळी ठेवा, ती खोक्याबरोबर हमखास भंगारात जाते. भोक अजिबात नसेल तर एव्ही टू एचडीएमआय असा छोटा डबा घ्यावा लागेल, आणि त्याला वेगळी वीज लागते, नुसती एका टोकाला तीन रंग आणि दुसऱ्या टोकाला एचडीएमआय अशी वायर मिळते ती घेऊ नका, ती चालत नाही. खरेदी करताना दिशा पण बघा, एचडीएमआय टू एव्ही हा उलटा डबा अगदी तसाच दिसतो. चित्राऐवजी नुसती गुणगुण आली तर पिवळी पिन लालच्या जागी लावून बघा, कॅमेऱ्याच्या वायरींमध्ये आतली जोडणी वेगवेगळी असते आणि रंग फसवतात. आणि ताई, एकदा चालू झालं की नुसतं बघत बसू नका, त्या कॅसेट कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, कॅसेटची पट्टी आणि कॅमेरा यातलं आधी कोण जाईल सांगता येत नाही.

टीव्ही घरी आला की चार-पाच सेटिंग लगेच करा. पिक्चर मोड व्हिव्हिडवरून काढून सिनेमा किंवा फिल्ममेकर करा, पहिले दोन दिवस पिवळट वाटेल, मग जुनं निळं वाटेल. मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर सिनेमा मालिकेसारखा गुळगुळीत दिसतो. बातम्यांची खालची पट्टी अर्धी कापलेली दिसली तर पिक्चर साइजमध्ये "जस्ट स्कॅन" किंवा "स्क्रीन फिट" असं काहीतरी असेल ते लावा. कन्सोलच्या पोर्टला गेम मोड, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर दिसायला होणारा उशीर कमी होतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, बऱ्याच टीव्हीत प्रत्येक एचडीएमआय पोर्टचं पूर्ण ताकदीचं सेटिंग आधीपासून बंद असतं, एन्हान्स्ड किंवा डीप कलर अशा नावाने, ते त्या पोर्टपुरतं चालू केल्याशिवाय कन्सोलचा एचडीआर येतच नाही आणि मुलगा म्हणतो टीव्ही डबडा आणला.

टीव्ही भिंतीवर चढवायच्या आधी मागच्या सगळ्या पोर्टचा फोन धरून एक स्वच्छ फोटो काढा, बाजूची बारीक अक्षरं वाचता येतील असा, आणि सगळ्या केबल लावून, एकेक चालवून मगच माणसाला स्क्रू पिळायला सांगा. नाहीतर ऑप्टिकल कुठे आणि १२० वाला पोर्ट कुठला हे शोधायला परत टीव्ही उतरवावा लागेल, आणि तो उतरवायला दिरांनाच बोलवावं लागेल.